सांबार निवडतात की शिजवतात?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणासाठी बाहेरच्या कोणा विदुषीला बोलवावे, ही आपल्या मंडळाची रीत. यंदा ते काम घरच्याच म्हातारीवर आले आहे. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेत, तेव्हा भाषेवर काहीतरी बोला." मी हो म्हटले खरे, परंतु विचार करू लागले तेव्हा ध्यानात आले, की भाषेविषयी मला जे सांगायचे आहे ते कौतुकाचे नाही. ती एक कबुली आहे. तिच्यापर्यंत सावकाश येते. आधी थोडे हसून घेऊ.

मी मूळची पुण्याची, हे माझ्या बोलण्यावरून तुम्हांला अजूनही कळते. १९६८ साली लग्न होऊन नागपुरास आले, तेव्हा माहेरच्या सगळ्यांनी एकच धीर दिला, "निदान भाषा तरी आपलीच आहे हो!" तो धीर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत टिकला. सासूबाई देवपूजेला बसता बसता म्हणाल्या, "गंजात दूध आहे ते तापव, कोपरात कणीक भिजव, सराटा तिकडे खिळ्याला आहे आणि गुंड रिकामा असला तर भरून घे."

मी जागच्या जागी उभी. गंज म्हणजे लोखंडाला चढतो तो. त्यात दूध कसे राहील? कोपर माझ्या हातालाच होते, त्यात कणीक कशी भिजवावी? सराटा म्हणजे पायात रुतणारा काटा. आणि गुंड म्हटला की आमच्या पुण्यात पोलिसांना बोलावतात, त्याला भरून घ्यायचे म्हणजे काय? आता तुम्ही हसता आहात, कारण गंज म्हणजे पातेले, कोपर म्हणजे परात, सराटा म्हणजे उलथणे आणि गुंड म्हणजे पाण्याचे मोठे भांडे, हे तुम्हांला जन्मापासून ठाऊक आहे. मला कोण सांगणार? नव्या सुनेने विचारायचेही कसे?

फजिती एकतर्फी होती असे मात्र नाही. एकदा मी म्हटले, "आई, या डब्याला गंज लागला आहे." त्यांनी डब्याच्या आजूबाजूला नीट पाहिले आणि म्हणाल्या, "कोणता गंज लागला? गंज तर तिकडे चुलीवर आहे." त्यांच्या लेखी लोखंडाला जंग लागतो.

बाजारात तर रोज परीक्षा. गोकुळपेठेत भाजीवालीला म्हटले, "अळू आहे का?" तिने अर्धा किलो बटाटे तागडीत टाकले. इकडे बटाटा म्हणजे आलू, आणि मला हवा होता तो चमकोरा. तिने "बरबटी घ्या बाई" म्हटले, तेव्हा मी माझ्या पदराकडे पाहिले, कुठे बरबटला की काय म्हणून. ती बिचारी चवळीच्या शेंगा दाखवीत होती. नव्या घराच्या वास्तुशांतीला दारावर बांधायला गड्याकडून कोहळा मागवला, तर तो तांबडा भोपळा घेऊन हजर. त्याची चूक नव्हती. विदर्भात कोहळे म्हणजे तेच, ज्याची सणाला गोड बोंडे होतात. मला हवा होता तो पेठ्याचा पांढरा. भटजी दारात, मुहूर्त टळतो आहे, आणि आम्ही दोघे "कोहळाच सांगितला होता", "कोहळेच आणले" असे एकमेकांना सांगतो आहोत!

शब्द तरी पाठ करता येतात. क्रियापदाने मात्र मला पुरती फसवले. एके रात्री पाहुणे होते. मी आतून विचारले, "पाहुणे निघाले का?" सासूबाई म्हणाल्या, "नाही, जेवून राहिले." मला वाटले, जेवले आणि मुक्कामाला राहिले. मी बाहेरच्या खोलीत गादी घातली, पांघरूण ठेवले, उशाशी तांब्याभांडे ठेवले. पाहुणे हात पुसत बाहेर आले, अंथरुणाकडे पाहून म्हणाले, "वहिनी, कोण येऊन राहिले?" मी म्हटले, "तुम्हीच की!" त्या सद्गृहस्थांना दहा मिनिटांत घरी जायचे होते. 'जेवून राहिले' म्हणजे अजून पानावर आहेत, जेवताहेत, हे मला त्या रात्री कळले. हिंदीतल्या 'खा रहे हैं' या घडणीशी तिचे साम्य लगेच दिसते; पण शब्द सगळे मराठी, त्यामुळे आपल्याला समजले असेच पुण्याच्या कानाला वाटते. परकी भाषा असती तर मी विचारले असते. आपलीच म्हणून विचारले नाही.

असो. हे झाले हसण्याचे. आता कबुली.

१९७२ साली मी शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून लागले. कोणत्या शाळेत ते सांगत नाही. दोष शाळेचा नव्हता, माझा होता. १९७४ साली सातवीच्या वर्गाला 'माझी सुट्टीतील एक सकाळ' हा निबंध घातला. काटोलकडच्या एका खेड्यातून आलेली एक मुलगी होती, नातेवाइकांकडे राहून शिकणारी. एरव्ही गप्प. तिने दोन पाने भरून लिहिले होते. आजीने परसातला सांबार आणून निवडला, आईने गुंड भरून ओसरीवर ठेवला, बाबांनी पहाटेच बंडी जुंपली आणि ती स्वतः संत्र्याच्या बागेपर्यंत बंडीत बसून गेली, असे सगळे त्यात होते. चाकांचा आवाज होता, बैलांच्या अंगाला येणारा वास होता. चाळीस वह्यांत असा निबंध एकच असतो, हे आज मला कळते.

त्या दिवशी मला फक्त तांबडी शाई दिसत होती. सांबाराखाली रेघ ओढून मी लिहिले, "सांबार निवडत नाहीत, शिजवतात. कोथिंबीर म्हणायचे आहे काय?" गुंडाखाली लिहिले, "गुंड ओसरीवर कसा आला?" बंडीखाली लिहिले, "बंडी अंगात घालतात. तिला बैल जुंपत नाहीत." तेवढ्यावर थांबले असते तरी बरे झाले असते. मी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि माझे शेरेही वाचले.

वर्ग खूप हसला. भगिनींनो, त्यातल्या बहुतेक मुलींच्या घरी त्या सकाळी भाजीवर सांबारच पेरला होता. पाणी गुंडातच भरले होते. गुंड म्हणजे काय हे त्या वर्गात सर्वांत उशिरा कळलेली बाई मी होते, सहाच वर्षांपूर्वी कळलेली. तरी त्या हसल्या, कारण बाई हसत होत्या. आणि ती मुलगीही हसली, थोडी उशिरा, खाली पाहून. पुढे वर्षभर तिचे निबंध मार्गदर्शकातले आले. शुद्ध, आठ ओळींचे, एकही चूक नसलेले. मी त्यांना चांगले गुण दिले.

मला हे टोचायला हवे होते, टोचले नाही. मी घरी सासूबाईंच्या गंजात दूध तापवत होते आणि शाळेत गंज खोडत होते, आणि यात काही विसंगत आहे असे मला एकदाही वाटले नाही.

वाटले ते चोवीस वर्षांनी, १९९८ साली. गोकुळपेठेतच भाजी घेत होते. शेजारी एक बाई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन उभी. मुलगी भाजीवालीला म्हणाली, "मावशी, सांबार द्या ना." आईने तिचा दंड धरून हळू आवाजात म्हटले, "सांबार नाही, कोथिंबीर म्हण. लोक हसतात." मग माझ्याकडे तिचे लक्ष गेले. तीच ती. तिने तिथल्या तिथे वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाई, तुमच्यामुळे माझे मराठी शुद्ध झाले हो."

मला काय उत्तर द्यावे कळले नाही. मी तिच्या मुलीच्या गालाला हात लावला आणि पिशवी उचलून घरी आले. त्या घटनेनंतर पाच वर्षे मी शाळेत होते, त्या पाच वर्षांत मी निबंध वेगळ्या रीतीने तपासले. त्याआधीच्या सव्वीस वर्षांचे काय, याला उत्तर नाही.

तेव्हापासून मी एका प्रश्नाचा शोध घेत आले. एकाच शब्दाचे दोन ठिकाणी दोन अर्थ असले, तर त्यांतला एक बरोबर आणि एक चूक हे ठरवले कोणी?

इंग्रजीचे पाहा. माझा नातू अमेरिकेत आहे. त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने बजावले, "आजी, इथे फर्स्ट फ्लोअर म्हटले की तळमजला. इंग्लंडात आणि आपल्याकडे तो वरचा." बिस्किट मागवले तर नरम, गरम पावासारखा पदार्थ पुढे आला. पर्स म्हणजे तिथे खांद्याला लावायची पिशवी. इंग्लंडात ती नाणी ठेवायची लहानगी. हे किरकोळ झाले. चर्चिलने दुसऱ्या महायुद्धावरील आपल्या ग्रंथात एक प्रसंग नोंदवला आहे. दोन्ही देशांचे अधिकारी बसले असता इंग्रजांनी एक मसुदा 'टेबल' करायचा म्हटले. इंग्रजांच्या बोलीत याचा अर्थ ताबडतोब चर्चेस घेणे. अमेरिकनांच्या बोलीत बाजूला ठेवून देणे. दोघांनाही तो विषय चर्चेला हवाच होता, तरी एका शब्दापायी बराच वेळ जोराचा वाद झाला. माझ्या वास्तुशांतीच्या कोहळ्याची आठवण होते की नाही?

पण पुढचे महत्त्वाचे. त्या वादात कोणी कोणाला अशुद्ध म्हटले नाही. अमेरिकेत नोआ वेबस्टरने १८२८ साली आपला स्वतंत्र इंग्रजी कोश छापला. तेव्हापासून अमेरिकन शब्द हा अमेरिकन शब्द, इंग्लंडची चूक नव्हे. दोन राज्ये, दोन कोश, दोन्ही शुद्ध.

आपल्याकडे काय झाले? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, मुंबई सरकारच्या आश्रयाने. शाळेची पहिली पुस्तके मुंबई-पुण्याकडे तयार झाली. मेजर कँडीसारख्या अधिकाऱ्यांच्या हाताखालून ती गेली. त्या वेळी नागपूर कोठे होते? नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. १८५३ साली तिसरे रघूजी वारले, तेव्हा इंग्रजांनी ते खालसा केले आणि १८६१ साली मध्य प्रांत झाला. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होता. म्हणजे पुस्तकी मराठी घडत होती, तेव्हा आपण त्या खोलीत नव्हतोच. पुढेही १९५६ पर्यंत आपण हिंदी भाषिकांबरोबर एका प्रांतात राहिलो, आणि नागपूर त्याची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो. आपली आलू, जंग, वापस ही शेजारधर्माची खूण आहे. आणि बंडी? चंद्रपूरच्या पलीकडे तेलुगू मुलूख लागतो, तिथे गाडीला बंडीच म्हणतात. मी ज्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली, तो दोन मुलखांत बैल जुंपून चालला होता.

पुणेरी बोलीतही चूक नाही, बरे का; ती माझ्या आईची बोली आहे. पण तीही एक बोलीच. तिच्या वाट्याला छापखाना, शिक्षणखाते आणि परीक्षा आल्या, आपल्या बोलीच्या वाट्याला आल्या नाहीत, एवढाच फरक. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींचे नमुने पुण्याच्या बोलीच्या जोडीने छापले आहेत. परक्या माणसाने ज्या बोलीला नमुना म्हटले, तिला मी चूक म्हटले.

आणखी एक सांगते. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ लीळाचरित्र. तो तेराव्या शतकात, सुमारे १२७८ साली, म्हाइंभटांनी सिद्ध केला. कोठे? आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरास. चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांना विचारून विचारून त्यांनी आठवणी गोळा केल्या. त्या माणसांत स्त्रियाही होत्या. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचे नाव घेतात ती महदाइसा याच मंडळींतली, आणि तिचे धवळेही रिद्धपुरातलेच. म्हणजे ज्या मातीला आपण 'इकडची भाषा जरा अशुद्धच' म्हणतो, तिथेच मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ लेखणीला लागला. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली छापून आली, तेव्हा खानदेशातल्या एका निरक्षर शेतकरणीची बोली साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. ती गाणी आधी माझ्यासारख्या एखाद्या बाईंच्या हाती तपासायला पडली असती तर? हा विचार मनात आला की मला आजही अवघडल्यासारखे होते.

आता कोणी विचारील, मग मुलांना प्रमाण मराठी शिकवूच नये काय? शिकवावी, जरूर शिकवावी. परीक्षेला, अर्जाला, वर्तमानपत्राला सर्वांना कळेल अशी एक भाषा लागते. गडचिरोलीची मुलगी आणि सिंधुदुर्गाची मुलगी एकमेकींना पत्र लिहू शकली पाहिजेत. माझे म्हणणे एवढेच, की 'हे चूक आहे' आणि 'हे तिकडे वेगळ्या नावाने ओळखतात' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. मी त्या मुलीच्या वहीत समासात लिहू शकले असते, "पुण्याकडे याला कोथिंबीर म्हणतात." तिला एकाऐवजी दोन शब्द मिळाले असते. मी तिचा होता तोही काढून घेतला.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. वर्गणीच्या वहीसारखी एक जाड वही घ्यावी, तिला तीन रकाने आखावे. पहिल्यात आपल्या घरचा शब्द, दुसऱ्यात तो कशाला म्हणतात, तिसऱ्यात कोणाच्या तोंडचा आणि कोणत्या गावचा. आपल्यात भंडाऱ्या-गोंदियाकडच्या झाडीबोलीच्या भगिनी आहेत, अकोल्या-बुलढाण्याच्या वऱ्हाडी आहेत, छिंदवाडा-बालाघाटकडून आलेल्या आहेत, माझ्यासारख्या उपऱ्या आहेत. प्रत्येकीने दर महिन्याच्या सभेला दहा शब्द आणावे. भांड्यांची नावे आणा, भाज्यांची आणा, शेतीच्या अवजारांची आणा, दुखण्याखुपण्याची आणा. टोंगळा म्हणजे गुडघा, हे आज आपल्या नातवंडांना सांगावे लागते. उद्या सांगणारेही राहणार नाही. ज्या घरात अजून ऐंशी-नव्वद वर्षांची आजी आहे, त्या घराने आधी लिहावे. आणि लिहिताना दुरुस्ती करू नये. जसे उच्चारले तसे लिहावे.

माझ्या सासूबाई १९८६ साली गेल्या. त्यांचा तो गंज माझ्याकडे आहे, पितळेचा, बुडाशी थोडा चेपलेला. त्यात मी अजून दूध तापवते. वहीत पहिल्या पानावर पहिला शब्द मी आजच लिहून आणला आहे. सांबार. अर्थ, कोथिंबीर. तिसऱ्या रकान्यात नाव घालायचे आहे ते त्या मुलीचे. तिला विचारल्यावाचून घालता येत नाही, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. ती आता स्वतः आजी होण्याच्या वयाला आली असेल. तुमच्यापैकी कोणाला ती भेटली, तर तिला सांगा, बाईंनी बोलावले आहे, आणि येताना दहा शब्द घेऊन ये म्हणावे.